नॉर्माची बाजू: ‘बेट्स मोटेल’चे पाच सीझन

गाजलेल्या भयपटाच्या आधी काय घडलं हे सांगणारी मालिका काढावी का, असं कुणी विचारलं तर मी बहुतेक वेळा नको म्हणेन. ‘बेट्स मोटेल’ला मात्र मी हो म्हणते. पाचही सीझन बघून, मध्ये कंटाळून, चौथ्यात रडून म्हणते. हिचकॉकच्या ‘सायको’ या सिनेमात जिला एकदाही स्वतःच्या तोंडानं बोलायला मिळालं नाही, त्या बाईला, खुनी नॉर्मनच्या आईला, नॉर्माला, या मालिकेनं बोलतं केलं. मालिकेचं खरं काम तेवढंच आहे आणि तेवढ्यासाठी ती बघावी. नॉर्मन असा का झाला याचा हिशेब मांडायला ती जिथं जिथं बसते, तिथं ती साधी होते.

मी हे कुठून बघते तेही सांगते. पेडणे तालुक्यात जुन्या रस्त्याच्या कडेला आमच्या खोल्या आहेत. पुढे खोल्या, मध्ये अंगण, मागे उंचावर आमचं राहतं घर. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. मुलगा बोटीवर आहे. गेल्या खेपेला येताना त्यानं या मालिकेचा डीव्हीडींचा पूर्ण संच आणला. पावसात आमच्याकडे फारसं कुणी उतरत नाही. गाद्या वर उचलून ठेवायच्या, भिंतींची ओल बघायची आणि संध्याकाळी वीज असेल तर टीव्ही. शेजारीण यायची, आम्ही दोघी बघायचो. पन्नास भाग आहेत, दर सीझनला दहा. सगळे मिळून ३५-३६ तासांचा ऐवज. मूळ सिनेमा १०९ मिनिटांचा. एवढ्या छोट्या गोष्टीला एवढी मोठी ओटी कशाला, हा प्रश्न आधी माझ्याही मनात होता.

‘सायको’ मी पहिल्यांदा बघितला तो कॉलेजात असताना, म्हापशाला मैत्रिणीच्या घरी व्हीसीआरवर. तेव्हा सगळ्यांसारखी मीही शॉवरला घाबरले. लग्न होऊन या खोल्यांचा कारभार हातात आल्यावर पुन्हा बघितला, तेव्हा भीती दुसरीकडेच सरकली होती. मॅरियन क्रेन, शॉवरमध्ये मारली जाते तीच, पावसात वाट चुकून बेट्स मोटेलवर येते. नॉर्मन छत्री घेऊन घरावरून धावत येतो. बारा खोल्या, बाराही रिकाम्या, हायवे तिकडे हलवला असं तो सांगतो. ती वहीत खोटं नाव लिहिते. त्याचा हात एका किल्लीकडे जातो, थबकतो आणि दुसरीच किल्ली उचलतो. पहिल्या खोलीची, ऑफिसला लागून असलेली, काही लागलं तर हाकेच्या अंतरावर. एकटी बाई उतरायला आली तर मीसुद्धा तिला घराजवळचीच खोली देते आणि नेमकं हेच कारण सांगते. तो प्रसंग बघताना माझ्या पोटात कायम गोळा येतो. नंतर तो तिला सँडविच आणि दूध आणून देतो. जेवायला घालणारा माणूस वाईट नसतो, असं आपण धरून चालतो.

तो हायवेचा संवाद परदेशी समीक्षक एका ओळीत उडवतात. आम्हाला तो नीट कळतो. रस्ता रुंद होणार, बायपास होणार, हे आधी कागदावर येतं, मग पेपरात, मग एक दिवस गाड्या वरून जायला लागतात. सावंतवाडीकडून येणारी कुटुंबं पूर्वी आमच्याकडे चहाला थांबायची, मुलांना झोप आली की एक रात्र राहायची. आता मोपाचा विमानतळ झाला, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरायला लागली आणि माणसं तिथून थेट मांद्रे-मोरजी-हरमलला निघून जातात. गिऱ्हाईक तुटत नाही, ते दुसऱ्या वाटेला लागतं. मग आपण हळूहळू कुणाची तरी वाट बघणारी माणसं होतो, आणि वाट बघणाऱ्या घराला एक वेगळीच शांतता येते. ‘सायको’तलं भय त्या शांततेतून उगवतं.

मालिकेच्या लेखकांना हे कळलंय, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. नॉर्मा बेट्स नवरा गेल्यावर मुलाला घेऊन ओरेगॉनमधल्या व्हाइट पाइन बे या गावात येते आणि बँकेनं जप्त केलेलं मोटेल विकत घेते. जुनं नाव उतरवते, स्वतःचं लावते. खोल्यांचे पडदे, गालिचे, रंग, सगळं तिच्या हातचं. आणि धंद्याचा जम बसतोय न बसतोय तोच तिला कळतं की गावाबाहेरून बायपास जाणार आहे. दुसऱ्या सीझनमध्ये ती नगर परिषदेच्या सभेत उभी राहून त्याबद्दल भांडते. आवाज चढतो, शब्द चुकतात, समोरचे थंडपणे बघत बसतात. ग्रामसभेत रस्त्याच्या विषयावर बोलायला उठलेल्या बायका मी बघितल्यात, त्यांच्यात मीही होते. व्हेरा फार्मिगानं तो प्रसंग ज्या तऱ्हेनं केलाय, त्यात नाटकी एक अक्षर नाही. या भूमिकेसाठी तिला २०१३ मध्ये एमीचं नामांकन मिळालं होतं. पुरस्कार मिळायला हवा होता.

आता मुख्य गोष्ट. ‘सायको’त नॉर्मनच्या आईबद्दल आपल्याला काय कळतं? ती कजाग होती, मुलाला चिकटून होती, त्याला श्वास घेऊ देत नव्हती. हे सांगतं कोण? शेवटी पोलिस ठाण्यात येणारा मानसोपचारतज्ज्ञ. आणि तो स्वतःच म्हणतो की ही हकिगत आपण नॉर्मनकडून नव्हे, त्याच्या ‘आई’कडून ऐकली. म्हणजे नॉर्मनच्या डोक्यात बसलेल्या आईकडून. खरी आई दहा वर्षांपूर्वी विष देऊन मारलेली. मारणारा तोच, साक्षीदारही तोच, आणि निकाल मेलेलीवर. सिनेमाभर जो आईचा चिरका आवाज ऐकू येतो, जो शेवटच्या दृश्यात सगळा दोष मुलावर ढकलतो, तो आवाज तिचा नाहीच. साठ वर्षं जग मात्र त्या आवाजावरून त्या बाईला ओळखत आलंय. ‘अशी आई असली तर मुलगा असाच निघणार’ हे वाक्य मी स्वतः किती जणांच्या तोंडून ऐकलंय, त्यात बायकाही होत्या.

हिचकॉकची यात चूक आहे असं मी म्हणत नाही. रिकामी खुर्ची हाच त्याच्या सिनेमाचा कणा आहे, तिथं खरी आई बसवली असती तर सिनेमाच राहिला नसता. पण ती खुर्ची रिकामी आहे, आणि आधीच्या गोष्टीला जागा मिळायची तर ती तिथंच.

मालिकेची नॉर्मा देवी नाही. ती खोटं बोलते, आदळआपट करते, मोठ्या मुलाला, डिलनला, परक्यासारखं वागवते, धाकट्याला स्वतःपासून सुटू देत नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या बिछान्यात त्याला कुशीत घेऊन झोपते, तेव्हा माझी शेजारीण उठून स्वयंपाकघरात गेली. पण तिच्या मागं काय आहे तेही आपण बघतो: माहेरचा अत्याचार, मारहाण करणारा नवरा. पहिल्याच भागात जुन्या मालकाच्या घरातला माणूस सुरा घेऊन आत शिरतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. ती त्याला मारते. पोलिसांत जात नाही, कारण मोटेल नुकतंच उघडायचंय आणि खून झालेल्या ठिकाणी कोण उतरणार? हा विचार तिच्या तोंडी येतो तेव्हा तो भयानक वाटतो, आणि खोल्या चालवणाऱ्या कुणालाही तो समजतो. एका खोट्या तक्रारीनं, बुकिंगच्या अ‍ॅपवर कुणी लिहिलेल्या एका वाईट ओळीनं अख्खा सीझन हातचा गेलेली माणसं आमच्याकडे आहेत.

चौथा सीझन हा या संचाचा गाभा. नॉर्मनला इस्पितळात ठेवणं भाग पडतं, खर्च झेपणारा नसतो. नॉर्मा शेरीफ रोमेरोकडे जाते आणि सरळ सांगते: माझ्याशी लग्न कर, तुझ्या विम्यात मुलाचे उपचार होतील. उपचारांच्या पैशासाठी केलेल्या त्या लग्नात हळूहळू सुख येतं. ती घर लावते, हसते, नवऱ्याची वाट बघते. तिच्या आयुष्यात कुणी तिला प्रथमच विचारतं की तुला काय हवंय. आणि आपल्याला शेवट माहीत असतो! ‘सायको’ बघितलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की ही बाई मरणार, कुणाच्या हातून मरणार, आणि नंतर तिचं काय होणार. आधीच्या गोष्टीची ताकद असलीच तर ती इथं आहे. पुढं काय होणार याची उत्सुकता संपलेली असते, म्हणून आपण त्या माणसाकडेच बघत राहतो. नवव्या भागात नॉर्मन रात्री भट्टीचा धूर घरात सोडतो आणि आईशेजारी जाऊन झोपतो. ती जाते, तो वाचतो. त्यानंतरच्या भागात तो तिला जमिनीतून उकरून घरी आणतो. आम्ही दोघी टीव्ही बंद करून कितीतरी वेळ नुसत्या बसलो होतो.

पाचव्यात फार्मिगा पडद्यावर असतेच, पण आता ती ‘मदर’ असते, नॉर्मनच्या डोक्यातली. तीच साडेपाच फुटांची बाई, तेच निळे डोळे, आणि तरी ती वेगळी आहे: थंड, हिशेबी, टोमणे मारणारी. खरी नॉर्मा आपल्या ओळखीची झालेली असते, म्हणून मुलानं तिचं काय करून ठेवलंय ते आपल्याला दिसतं. मी नंतर ‘सायको’ पुन्हा लावला. तो आवाज ऐकताना मला पहिल्यांदा भीतीऐवजी संताप आला. मालिकेनं सिनेमाला धक्का न लावता त्याचा एक कोपरा उजळला, आणि असं करणारी दुसरी मालिका मला तरी माहीत नाही.

नॉर्मन झालेल्या फ्रेडी हायमोरबद्दल थोडंच लिहिते, कारण तो उत्तम आहे याबद्दल वाद नाही. सिनेमातल्या नॉर्मनची, अँथनी पर्किन्सची, नक्कल तो करत नाही, फक्त मान तिरकी करायची एक लकब उचलतो. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ च्या कादंबरीत नॉर्मन चाळिशीचा, जाडजूड, दारू पिणारा आहे. लाजरा, देखणा पोरगा ही सिनेमाची देणगी, आणि मालिका त्याच पोराला पुढं नेते.

दोषांकडे येते. पहिल्या दोन सीझनमध्ये गावातला गांजाचा धंदा, दोन घराण्यांमधलं वैर, तळघरात कोंडलेली मुलगी, गोळीबार असा इतका पसारा आहे की मोटेलला यायला वेळच मिळत नाही. गावात इतके खून होतात की नॉर्मननं केलेला खून त्यात बुडून जातो. ज्या गोष्टीची भीती एका रिकाम्या मोटेलच्या शांततेत होती, तिच्याभोवती हा बाजार कशाला भरवला? वाहिनीला दर आठवड्याला काहीतरी घडवून दाखवावं लागतं, हे उघड आहे. हा भाग पुढं ढकलत बघितला तरी काही बिघडत नाही. आणि नॉर्मनचे ते झटके, शुद्ध हरपणं, लहानपणी बघितलेला प्रसंग, मग डॉक्टर, मग निदान! हे सगळं नीट जुळवलेलं आहे, आणि नीट जुळल्यामुळेच त्यातली भीती निघून जाते. सिनेमातला डॉक्टर पाच मिनिटं समजावतो तेच पुष्कळांना लांबतं. इथं ते पाच सीझन चालतं.

गोष्ट आजच्या काळात आणलीय, यावर पुष्कळांचा आक्षेप आहे. माणसांच्या हातात स्मार्टफोन, अंगावर मात्र आजीच्या काळातले कपडे, घरात जुना दिवाणखाना. मला ते खटकलं नाही. आमच्या मागच्या घरात अजून सासूबाईंचं लाकडी कपाट, काचेच्या हंड्या आणि त्याच भिंतीला वायफायचा डबा आहे. परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, ती मी त्याच कपाटाशेजारी बसून भरते.

सिनेमाची गोष्ट टीव्हीवर नेली म्हणजे बाटवली, हेही मला पटत नाही. हिचकॉकनं ‘सायको’ स्वतःच्या टीव्ही मालिकेतल्या कारागिरांना घेऊन, आठेक लाख डॉलरांत, कृष्णधवल केला होता. प्रश्न माध्यमाचा नाही, कुणाची गोष्ट सांगताय याचा आहे. १९९० मध्ये ‘सायको ४’ नावाचा टीव्हीपट आला, त्यातही आधीचीच गोष्ट होती. तिथं नॉर्मन रेडिओच्या कार्यक्रमाला फोन करून आईची हकिगत सांगतो. म्हणजे पुन्हा मुलाचीच साक्ष, आणि ऑलिव्हिया हसीसारखी नटी असूनही पुन्हा तीच छळवादी आई. ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या आधीची गोष्ट तर दोनदा चित्रित झाली. पॉल श्रेडरनं केलेला सिनेमा बाजूला ठेवून रेनी हार्लिनकडून नवा करून घेतला, तो २००४ मध्ये आला, आणि श्रेडरचा २००५ मध्ये. दोन्ही बघूनसुद्धा मला मूळ सिनेमातल्या त्या झपाटलेल्या मुलीबद्दल नवं काही मिळालं नाही. नरभक्षक हॅनिबल लेक्टरचं तसंच. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये अँथनी हॉपकिन्स थोडाच वेळ दिसतो आणि जन्मभर पुरतो. २००७ मध्ये ‘हॅनिबल रायझिंग’नं त्याचं बालपण, युद्ध, मारलेली बहीण हे सगळं मांडलं आणि तो माणूस एकदम लहान झाला. उलट २०१३ मध्ये सुरू झालेली ‘हॅनिबल’ ही मालिका तो असा का आहे हे सांगायच्या फंदात फारशी पडत नाही, ती विल ग्रॅहमची होते, हॅनिबलशी मैत्री करून बसलेल्या माणसाची. म्हणून ती टिकते.

आपल्याकडचं उदाहरण तर अगदी उशाशी आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये सुरू झालं, आकेरीत चित्रित झालं, इथून सावंतवाडी ओलांडली की ते गाव. त्यात अण्णा नाईक सुरुवातीलाच मेलेले. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते मागं गेलं, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता पेडण्यात घराघरांत बोलली जायची, मासळी बाजारातसुद्धा. पहिल्या पर्वापेक्षा दुसरं माझ्या ओळखीत जास्त जणांनी बघितलं, आणि त्यांतल्या कुणालाही वाड्यातल्या भुतांचं मूळ जाणून घ्यायचं नव्हतं. मेलेल्या माणसाचा सगळ्या घरावर एवढा धाक का, हे त्यांना त्याच्या जिवंत वागण्यात बघायचं होतं.

आमच्या गावच्या वेशीवर देवचाराचं स्थान आहे. रात्री काठी आपटत तो शीव राखतो, त्याला रोट द्यायचा, विडी ठेवायची. तो आधी कोण होता, कसा मेला, हे लहानपणी कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. त्याच्यावर मालिका काढू नये. पण त्याच वाटेवरच्या विहिरीत पूर्वी जीव दिलेल्या एका सुनेबद्दल गावात अजून बोललं जातं, प्रत्येकजण वेगळं सांगतो, तिच्या सासरचे सगळ्यांत जास्त सांगतात. तिची गोष्ट कुणी तिच्या बाजूनं मांडली तर मी पहिल्या रांगेत बसून बघीन.

घ्यायचा विचार असेल तर असं करा. आधी ‘सायको’ बघा, मालिका नंतर. उलटं केलंत तर चौथ्या सीझनचा घाव बसणार नाही. पहिला सीझन पूर्ण बघा, दुसऱ्यात बायपास आणि डिलन सोडून बाकीचं पळवलं तरी चालेल, तिसरा सावकाश, चौथा एका दमात नको, दिवसाला एक भाग. पाचव्यात मॅरियन क्रेन म्हणून रिहाना येते आणि तिथं मालिका मूळ सिनेमापेक्षा वेगळा रस्ता धरते, शॉवरमध्ये दुसराच माणूस मरतो. त्यावर मतं दुभंगलेली आहेत. मला तो निर्णय आवडला, कारण चाळीस-पंचेचाळीस भागांची लाज राखून तोच प्रसंग पुन्हा उभारण्यापेक्षा मॅरियनला जिवंत घरी पाठवणं जास्त धाडसाचं होतं. अल्पवयीन मुलांना दाखवू नका. उपशीर्षकं इंग्रजीच आहेत, शेजारणीला मी अधूनमधून सांगत गेले, तिचं काही अडलं नाही.

आता ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या आधीची मालिका ‘क्रिस्टल लेक’ नावानं जाहीर झाली आहे. मुखवटेवाल्या जेसनमुळे तो सिनेमा लोकांना आठवतो, पण १९८० च्या पहिल्या सिनेमात खून करते ती त्याची आई, पामेला, आणि ती दिसते अगदी शेवटाकडे. तलावाकाठच्या मुलांच्या छावणीत ती स्वयंपाकीण होती. तिचा मुलगा १९५७ मध्ये तलावात बुडाला, तेव्हा ज्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचं ती माणसं आपल्याच नादात होती. जेसनचा मुखवटा कुठून आला हे सांगायला कुणी बसणार असेल तर मला त्यात रस नाही. पामेला सकाळी किती वाजता उठून किती पोरांचं जेवण रांधायची, पोराला कुणाच्या भरवशावर सोडून कामाला लागायची, आणि त्या दिवशी तिला निरोप कुणी दिला, हे दाखवणार असतील तर मुलाला मी आत्ताच सांगून ठेवलंय, संच निघाला की आण.